डीफॉल्ट बदललं, तरी जुन्या ग्राहकांना जुनीच मुदत का लागते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. येणी, म्हणजे ग्राहकांकडून यायचे पैसे, सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकांच्या डीफॉल्ट, म्हणजे आपोआप लागणाऱ्या, सेटिंगमधली बिल फेडायची मुदत ३० दिवसांवरून ४५ दिवस केली. नवा ग्राहक उघडला की ४५ येतात, जुन्यांना मात्र अजून ३०च लागतात. काही ग्राहकांच्या कार्डावर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या त्यांच्या नोंदीवर, ४५ दिसतात, तरी बिलावर ३० छापून येतात. शिवाय एका ग्रुपमधल्या सगळ्या ग्राहकांच्या ऑर्डरी उधारीच्या मर्यादेवर अडकतात, आणि तिथे मर्यादा तर कुणी घातलेलीच नाही. हा सॉफ्टवेअरचा दोष समजायचा की सेटिंगचा?

तिन्ही ठिकाणी सॉफ्टवेअर बहुधा त्याच्या नियमाप्रमाणेच चाललं आहे. फक्त तो नियम स्क्रीनवर कुठे लिहिलेला नसतो. डीफॉल्ट म्हणजे वरून चालू राहणारा हुकूम, असं आपण धरून चालतो. येणी विभागातलं बहुतेक डीफॉल्ट तसं नसतं. ते एका ठराविक क्षणी एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरवलं जातं, आणि उतरवून झालं की दोन्ही जागांचा संबंध संपतो. झेरॉक्स काढल्यावर मूळ कागदावर दुरुस्ती केली तर कालची प्रत बदलत नाही, तितकंच हे साधं आहे. म्हणून कुठलंही फील्ड, म्हणजे माहिती भरायची जागा, बदलण्याआधी ‘हे कुठून, कोणत्या क्षणी उचललं जातं?’ हे विचारायची सवय लावून घ्या. वसुलीच्या कामातल्या बऱ्याचशा तक्रारी तेवढ्यानेच सुटतात.

हे उतरवणं साधारण तीन टप्प्यांत होतं. पहिला टप्पा ग्राहक उघडताना. कंपनीच्या सेटअपमधली किंवा ग्राहकाच्या ग्रुपमधली मूल्यं नव्या कार्डावर येतात. याच ग्रुपला कुठे क्लास म्हणतात, कुठे प्रोफाइल, कुठे टेम्प्लेट. दुसरा टप्पा व्यवहार टाकताना. ऑर्डर किंवा बिलावर ग्राहकाचं नाव निवडलं की कार्डावरची मुदत, चलन, कर, विक्री प्रतिनिधी, पत्ता हे सगळं त्या कागदावर भरलं जातं. तिसरा टप्पा पोस्टिंगचा, म्हणजे बिल हिशेबात कायमचं नोंदवण्याचा. तिथे देय तारीख आणि खाती पक्की होऊन लेजरमध्ये, म्हणजे खातेवहीत, जातात. प्रत्येक टप्पा एकाच दिशेने जातो, वरून खाली.

आता तुमचं उदाहरण तारखा घालून पाहू. ग्रुपची मुदत ३० दिवस आहे आणि ग्राहक त्याच ग्रुपमधून उघडला आहे. १० मार्चला बिल टाकलं, देय तारीख ९ एप्रिल. २० मार्चला तुम्ही ग्रुपची मुदत ४५ केली. २५ मार्चला त्याच ग्राहकाचं दुसरं बिल निघालं. हे बिल ग्रुपकडे बघतच नाही. ते कार्डाकडे बघतं, आणि कार्डावर ३० लिहिलेले आहेत. म्हणून देय तारीख २४ एप्रिल येते. २० मार्चलाच कार्डावरही ४५ केले असते, तर ती ९ मे आली असती. आणि ग्रुपमध्ये किंवा कार्डावर काहीही केलं तरी १० मार्चचं बिल ९ एप्रिललाच देय राहतं, कारण त्याची तारीख पोस्टिंगच्या वेळीच ठरून गेली आहे. हे शेवटचं तर योग्यच आहे. बिल ग्राहकाच्या हाती गेलं, त्यावर तारीख छापली, म्हणजे दोघांमध्ये एक करार झाला. पुढे मास्टरमध्ये, म्हणजे ग्रुप किंवा कार्डाच्या मूळ नोंदीत, कुणी काही बदललं म्हणून तो करार मागच्या मागे बदलू नये. काही सॉफ्टवेअर उघड्या, म्हणजे पैसे अजून न मिटलेल्या, नोंदीची देय तारीख हाताने बदलू देतात, उदाहरणार्थ मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस सेंट्रलमध्ये ग्राहकाच्या लेजरमधल्या उघड्या नोंदीवर ती बदलता येते. पण तो त्या एका बिलापुरता, जाणूनबुजून घेतलेला निर्णय असतो. डीफॉल्टचा त्यात काही भाग नाही.

कार्डावर ४५ आणि बिलावर ३०, हा दुसरा प्रकार जास्त चकवतो. याची कारणं अनेक असतात. मी ती ज्या क्रमाने तपासतो त्याच क्रमाने सांगतो.

आधी बघा की ते बिल मुळात कधी जन्मलं. बिलाची तारीख आजची असली तरी ते महिन्यापूर्वीच्या ऑर्डरवरून तयार झालेलं असू शकतं. ऑर्डर टाकताना मुदत तिच्यावर उतरली आणि बिल करताना ऑर्डरवरून पुढे आली, ग्राहकाच्या कार्डाला मध्ये कुणी विचारलंच नाही. उघड्या ऑर्डरी आणि कोटेशनं ही जुन्या मुदतीची सगळ्यात मोठी साठवण असते. त्याहून चिवट म्हणजे दर महिन्याला आपोआप निघणाऱ्या बिलांचे साचे. देखभाल करार, भाडं, वर्गणी यांच्यासाठी दोन-तीन वर्षांपूर्वी कुणीतरी साचा बनवलेला असतो. पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये मुदत त्या साच्यातच साठवलेली राहते, आणि साचा उघडून बदलल्याशिवाय जुनी मुदत दर महिन्याला पुन्हा छापली जाते. मास्टर शंभर टक्के बरोबर असूनही बिलं चुकत असतील, तर मी पहिला हात इथे घालतो.

मग पैसे कोण देणार आहे ते बघा. माल एका शाखेला जातो आणि बिल मुख्य कार्यालयाच्या नावावर निघतं, तेव्हा मुदत कुणाची लागते? बिझनेस सेंट्रलमध्ये ज्याच्या नावावर बिल निघतं, त्याच्या कार्डावरची. तुम्ही शाखेच्या कार्डावर ४५ करून ठेवले असतील, तर त्यांचा काहीच उपयोग होणार नाही. हिशेबाच्या दृष्टीने हे बरोबरही आहे. उधारी ज्याच्या नावावर, अटीही त्याच्याच.

तिसरी शक्यता अशी की एकच फील्ड दोन ठिकाणी आहे. याचं ठळक उदाहरण सॅप हे मोठ्या कंपन्यांमधलं सॉफ्टवेअर. तिथे ग्राहकाची मुदत कंपनी कोडच्या (हिशेबाच्या बाजूच्या) माहितीतही असते आणि सेल्स एरियाच्या (विक्रीच्या बाजूच्या) माहितीतही. विक्रीच्या बाजूने तयार झालेलं बिल सेल्स एरियातली मुदत घेतं, आणि हिशेब विभागाने थेट टाकलेलं इन्व्हॉइस कंपनी कोडमधली. लेखापाल आपल्या स्क्रीनवर ४५ बघतो, विक्रीचा माणूस आपल्या स्क्रीनवर ३० बघतो, आणि दोघंही खरं बोलत असतात. अशा ठिकाणी एका जागेची मालकी एका विभागाकडे लेखी द्या, आणि दोन्ही जागांची तुलना करणारा रिपोर्ट ठराविक दिवशी काढायचा नेम ठेवा. केवळ तोंडी सांगण्यावर हे टिकत नाही.

काही सॉफ्टवेअर पत्त्याच्या पातळीवरही मुदत, कर किंवा प्रतिनिधी ठेवू देतात. एका ग्राहकाचे पाच पत्ते असले, तर पाच अपवाद असू शकतात. शेवटी सगळ्यात सोपी शक्यता उरते. बिल टाकणाऱ्याने हाताने ३० केले असतील. व्यवहारावर लिहिलेलं मूल्य नेहमी सगळ्यांवर मात करतं. टॅलीप्राइममध्येही पार्टीच्या लेजरमध्ये डीफॉल्ट क्रेडिट पीरियड (उधारीची मुदत) दिलेला असला, तरी व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची नोंद, टाकताना बिलाच्या तपशिलात तो बदलता येतो. सोय चांगली आहे, पण हा बदल कुणाला करता यावा हे तुम्ही ठरवलं नसेल, तर तो सगळ्यांना करता येतो.

आता जुन्या ग्राहकांवर नवी मुदत उतरवायची कशी? यासाठी बहुतेक मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये वरचा बदल एकदम खाली पाठवायची सोय असते. मायक्रोसॉफ्टच्याच डायनॅमिक्स जीपीमध्ये क्लास बदलून सेव्ह केला की हा बदल त्या क्लासच्या सगळ्या ग्राहकांवर उतरवायचा का, असं विचारलं जातं. ओरॅकलच्या येणी सांभाळणाऱ्या रिसीव्हेबल्समध्ये प्रोफाइल क्लास बदलल्यावर तीन पर्याय मिळतात: आहे त्या ग्राहकांना हात लावू नका, सगळ्यांना बदला, किंवा ज्यांची प्रोफाइल वेगळी केलेली नाही तेवढ्यांनाच बदला. हा तिसरा पर्याय मला या सगळ्या विषयातला सर्वांत शहाणा वाटतो. कारण अपवाद म्हणून मुद्दाम ठरवलेल्या अटी आणि नुसत्याच जुन्या राहिलेल्या अटी यांतला फरक तो ओळखू पाहतो. बिझनेस सेंट्रलमधल्या टेम्प्लेटचं वागणं याहून वेगळं आहे. टेम्प्लेटवरून ग्राहक तयार झाला की टेम्प्लेटमधला पुढचा बदल त्याच्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही. जुन्या ग्राहकांवर तो पुन्हा लावायचा तर तुम्हाला स्वतः निवडून लावावा लागतो.

डायनॅमिक्स जीपीसारखा प्रश्न स्क्रीनवर आला, की ‘हो’ दाबण्याआधी हात आवरा. ग्रुपमधल्या एखाद्या मोठ्या ग्राहकाला वाटाघाटी करून ६० दिवस दिलेले असतील, तर ते क्षणात ४५ होतील. तुम्हाला कळेल तेव्हा ग्राहकाला तगाद्याचं पत्र गेलेलं असेल. बदल खाली पाठवण्याआधी त्या ग्रुपच्या सगळ्या ग्राहकांची यादी काढा. ग्राहक क्रमांक, मुदत, उधारीची मर्यादा, सवलतीची अट आणि कर एवढे रकाने पुरतात. ती फाइल तारीख घालून जपून ठेवा, उलटं फिरायचा तोच एक रस्ता असतो. मग ग्रुपच्या जुन्या मूल्यापेक्षा ज्यांचं मूल्य वेगळं आहे ते ग्राहक वेगळे काढा आणि प्रत्येकाबद्दल विक्री विभागाला विचारा: हे मुद्दाम आहे का? उरलेल्यांना बिनधास्त बदला. एका वेळी एकच फील्डही बदला, कारण बदललेलं फील्डच खाली जातं की ग्रुपचं सगळं कार्ड, हे प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळं असू शकतं. सॉफ्टवेअरमध्ये फक्त चाचणीसाठी ठेवलेल्या खोट्या कंपनीत ते आधी करून पाहणं हाच खात्रीचा उपाय.

आता अडकलेल्या ऑर्डरींचा प्रश्न. इथे रिकामं फील्ड आणि शून्य यांचा अर्थ काय लावला जातो, यावर सगळं ठरतं. ‘मर्यादा घातलेली नाही’ याचे दोन अर्थ होतात: वाटेल तेवढी उधारी द्या, किंवा एक पैचीही देऊ नका. बिझनेस सेंट्रलमध्ये मर्यादा शून्य म्हणजे तपासणीच नाही. डायनॅमिक्स जीपीने हा घोळ टाळण्यासाठी तीन वेगळे पर्याय ठेवले आहेत: उधारी नाही, अमर्याद, किंवा ठराविक रक्कम. तुमच्या त्या ग्रुपमध्ये ‘उधारी नाही’ हा अर्थ असलेलं मूल्य बसलेलं असणार आणि ग्रुपमधल्या प्रत्येक नव्या ग्राहकावर तेच उतरलेलं असणार. बहुतेकदा ते कुणी मुद्दाम निवडलेलंही नसतं. सॉफ्टवेअर बसवताना ते फील्ड जसं होतं तसंच राहिलेलं असतं. ग्रुपची नोंद उघडून बघा, आणि ती दुरुस्त केल्यावर ग्राहकांची कार्डंही दुरुस्त करायला विसरू नका. कारण आधी सांगितलंच, वरची दुरुस्ती आपोआप खाली येत नाही.

मर्यादेच्या बाबतीत एक गोष्ट मुदतीच्या अगदी उलट असते. मर्यादा बिलावर कॉपी होत नाही. प्रत्येक ऑर्डरच्या वेळी ती ताजी वाचली जाते आणि त्या घडीच्या बाकीशी तुलना होते. म्हणून मर्यादा वाढवली की अडकलेली ऑर्डर पुन्हा तपासताच सुटते, पण मुदत वाढवली तरी जुनं बिल जसंच्या तसं राहतं. ‘व्यवहार थांबवा’ ही खूणही अशीच ताजी वाचली जाते. खात्याचं स्टेटमेंट कधी पाठवायचं, तगादा कोणत्या क्रमाने करायचा, हेही बहुधा ते काम चालवतानाच कार्डावरून घेतलं जातं. तुमच्या सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येक फील्डसमोर ‘कॉपी होतं’ की ‘ताजं वाचलं जातं’ एवढं लिहिलेला एक कागद तयार करा. पुढची कित्येक वर्षं तो कामाला येईल.

मर्यादेशी नेमकी कशाची तुलना होते, हेही तपासा. फक्त पोस्ट झालेल्या बिलांची, की माल गेला पण बिल व्हायचं आहे त्याचीही? उघड्या ऑर्डरी मोजल्या जातात का? आलेले पण बिलाशी न जुळवलेले पैसे वजा होतात का? हा शेवटचा प्रश्न छोटा वाटतो, पण वसुली वेळेवर होऊनही ऑर्डरी अडकत असतील तर कारण बहुतेकदा तिथेच सापडतं. पैसे आलेले असतात, जुळवणी राहिलेली असते.

खात्यांबद्दल थोडं. ग्राहकाचं येणं मुख्य खतावणीतल्या कोणत्या कंट्रोल खात्यात, म्हणजे ग्राहकांची येणी एकत्र दाखवणाऱ्या खात्यात, जायचं, हेही ग्रुप किंवा कार्डच ठरवतं. मुदत चुकली तर दुरुस्त करता येते. हे खातं मधेच बदललं तर आधीची बिलं जुन्या खात्यात आणि नंतरची नव्यात, अशी विभागणी होते. ग्राहकांकडून आलेले पैसे कुठल्या खात्यात जातील हे सॉफ्टवेअरच्या रचनेवर अवलंबून राहतं. ग्राहकांच्या बाकीची एकूण बेरीज बरोबर येते, पण खतावणीतलं एक खातं फुगतं आणि दुसरं उणे होतं. म्हणून हा बदल महिन्याच्या मध्यात कधीच करू नका. आधी त्या ग्राहकाची उघडी बिलं किती ते काढा, शक्य असेल तर ती मिटू द्या, आणि उरलेली बाकी जर्नलने, म्हणजे एका खात्यातून दुसऱ्यात वळती करणाऱ्या नोंदीने, हलवायची असेल तर लेखापरीक्षकाला समजेल असं टिपण त्या नोंदीला जोडा.

करासाठी ग्राहकाच्या डीफॉल्टवर एकट्यावर विसंबू नका. कर ठरताना ग्राहक, वस्तू आणि माल पोहोचवायचा पत्ता यांतल्या एकाहून अधिक गोष्टी बघितल्या जातात. विक्री प्रतिनिधी, किंमत यादी, स्टेटमेंटचा नमुना ही फील्डं चुकली तर त्रास होतो, पण तो लगेच दिसतो आणि लगेच मिटतो.

एजिंग रिपोर्टकडे, म्हणजे कोणतं बिल किती दिवसांचं झालं हे दाखवणाऱ्या रिपोर्टकडे, मात्र लक्ष द्या, कारण मुदत बदलल्याचा परिणाम सगळ्यात आधी तिथे उमटायला हवा, आणि कधी कधी उमटतच नाही. वरचंच १० मार्चचं बिल घ्या. ३० एप्रिलला रिपोर्ट काढला आणि तो बिलाच्या तारखेवर चालत असेल, तर ते बिल ५१ दिवसांचं होऊन ३१ ते ६० च्या रकान्यात बसतं. रिपोर्ट देय तारखेवर चालत असेल, तर ते २१ दिवस थकलेलं आहे आणि १ ते ३० मध्ये बसतं. बिल एकच, दोन रिपोर्टांत दोन जागा. रिपोर्ट बिलाच्या तारखेवर लावलेला असेल, तर मुदत ३० वरून ४५ केल्याचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही, आणि वसुलीचा माणूस मुदत न संपलेल्या बिलासाठी ग्राहकाला फोन करत राहतो. ही निवडही एक डीफॉल्टच आहे, ग्राहकाच्या कार्डाऐवजी कंपनीच्या सेटअपमध्ये बसलेलं.

कागदावरचा नियम वाचण्यापेक्षा सॉफ्टवेअरलाच विचारायची एक पद्धत मला फार भरवशाची वाटते. चाचणीच्या कंपनीत एक ग्राहक उघडा आणि प्रत्येक पातळीवर मुदतीचा वेगळा, ओळखू येणारा आकडा ठेवा: कंपनीच्या सेटअपमध्ये ३१, ग्रुपमध्ये ३२, कार्डावर ३३, पत्त्यावर ३४. मग बिल टाका आणि कोणता आकडा येतो ते बघा. ३४ आला तर पत्ता जिंकला. आता पत्त्यावरचं फील्ड रिकामं करून दुसरं बिल टाका, मग कार्डावरचं, मग ग्रुपमधलं. चार बिलांत तुमच्या हाती पूर्ण क्रम येतो, आणि रिकामं फील्ड वरच्या पातळीकडे बघतं की नुसतंच रिकामं राहतं, हेही कळतं. त्यानंतर तोच ग्राहक फाइलमधून आयात करून हीच चाचणी पुन्हा करा. स्क्रीनवर टाकताना भरली जाणारी डीफॉल्ट आयातीत किंवा दुसऱ्या प्रणालीकडून येणाऱ्या नोंदीत भरली जातीलच असं नाही. फाइलमध्ये रकानाच नसणं आणि रकाना असून रिकामा असणं, यातही फरक पडू शकतो. पहिल्यात डीफॉल्ट लागेल, दुसऱ्यात ते पुसलं जाईल. ऑनलाइन विक्रीतून येणाऱ्या ग्राहकांनाच मुदत नसते, अशी तक्रार आली तर इथूनच सुरुवात करा.

डीफॉल्ट म्हणून काय ठेवावं, याबद्दल माझं मत ठाम आहे. विचार न करता उघडलेल्या ग्राहकाला जे मिळावं असं तुम्हाला वाटतं, तेच डीफॉल्ट असावं. म्हणजे सगळ्यात कमी मुदत आणि उधारी शून्य, ‘उधारी नाही’ या अर्थाने. ज्याला जास्त द्यायचं त्याचा निर्णय कुणीतरी नावानिशी घेईल. सैल डीफॉल्ट ठेवलं, तर ते कुणाच्या निर्णयाशिवाय लागू होतं आणि पैसे अडकल्यावरच लक्षात येतं. म्हणून ३० चे ४५ सरसकट करण्याआधी विचार करा, की तुम्हाला सगळ्या नव्या ग्राहकांना ४५ द्यायचे आहेत का. की ठराविक ग्राहकांसाठी ४५ दिवसांचा वेगळा ग्रुप हवा आहे? दुसरं असेल, तर जुना ग्रुप ३० वरच राहू द्या.

ग्रुपही वसुलीच्या वागणुकीवरून पाडा: मुदत, जोखीम, कंट्रोल खातं. प्रदेश किंवा विक्रीच्या रिपोर्टासाठी वेगळं फील्ड वापरा. प्रदेशावरून पाडलेल्या ग्रुपमध्ये मुदतीचे इतके अपवाद जमतात, की ग्रुपचं डीफॉल्ट कुणालाच लागू राहत नाही आणि बदल खाली पाठवायची सोय वापरताच येत नाही. ‘इतर’ नावाचा ग्रुप आपोआप लागू होणारा ठेवू नका. घाईत उघडलेला प्रत्येक ग्राहक तिथेच जाऊन पडतो. ग्रुपचं फील्ड रिकामं ठेवून सक्तीचं करा. उघडणाऱ्याला दहा सेकंद थांबून निवडावं लागेल, आणि ते थांबणंच आपल्याला हवं आहे.

तुमच्या पुढच्या पायऱ्या अशा लावा. आधी त्या अडकलेल्या ग्रुपची मर्यादा आणि त्याच्या ग्राहकांची कार्डं दुरुस्त करा, कारण तिथे आज माल थांबला आहे. मग उघड्या ऑर्डरी आणि दर महिन्याच्या बिलांचे साचे यांची यादी काढून त्यांतली जुनी मुदत शोधा. जुन्या ग्राहकांच्या कार्डांवर ४५ उतरवायचं काम महिन्याचा हिशेब बंद झाल्यावर, अपवादांची यादी विक्री विभागाकडून परत आली की करा. आधीच गेलेल्या बिलांवरची तारीख आहे तशीच राहू द्या. एखाद्या ग्राहकाला त्यातही सूट द्यायची असेल, तर त्याला तसं लेखी कळवा आणि त्या एका बिलापुरती नोंद करा.